‘घरीच असते’मधला ‘च’

बालवाडीच्या प्रवेशअर्जावर ‘आईचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. थोरलीच्या वेळी तो अर्ज भरताना धाकटा कडेवर होता. उजव्या हाताने लिहायचं आणि डाव्या हाताने त्याला पेनापासून लांब ठेवायचं, असं चाललं होतं. टेबलापलीकडच्या ताईंनी सहज विचारलं, “नोकरी करता?” मी म्हटलं, “नाही, मी घरीच असते.” त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. परत येताना रिक्षात दोन्ही मुलं झोपली, आणि मग मला त्या उत्तराची टोचणी लागली. त्या दिवशी पहाटे साडेपाचपासून मी एकदाही टेकले नव्हते. मला कमी लेखणारं कुणी काही बोललंही नव्हतं. तो ‘च’ माझा मीच लावला होता.

लहान मुलांसाठी घरी राहिलेल्या कितीतरी जणी पुण्यात भेटतात. सोसायटीच्या बागेत, लसीच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी. कुणी कोथरूडच्या दोन खोल्यांत सासूसासऱ्यांसोबत राहते, तर कुणी वाघोलीच्या अकराव्या मजल्यावर, जिथे दिवसभरात दार वाजवतो तो फक्त कुरिअरवाला. घरं वेगळी, पण बोलणं एकाच ठिकाणी येऊन थांबतं: दिवसभर राबते आणि रात्री काय केलं ते सांगता येत नाही.

‘घरकाम हेही कामच आहे’ असं म्हणणारे आता पुष्कळ आहेत. पण म्हणून भागत नाही. कामाला जे लागतं, म्हणजे माप, वेळा, साधनं, वाटणी, पैसा, सुट्टी, ते सगळं या कामालाही लावावं लागतं. सहा वर्षांत चुकतमाकत जे हाती लागलं, ते इथे त्याच क्रमाने मांडते.

आधी माप घ्या

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. मुलं आणि वडीलधाऱ्यांच्या देखभालीचा हिशेब वेगळा: स्त्रिया १३४ मिनिटं, पुरुष ७६. दोन्ही करणाऱ्या बाईचे सात तास इथेच भरतात. घरात तान्हं मूल असेल, तर रात्रीचं उठणं आणखी वेगळं.

न्यायालयांनीही याची दखल घेतली आहे. जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या गटात ‘बिनकामाचे’ म्हणून मोजल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट नाराजी नोंदवली. जानेवारी २०२१ मधल्या एका अपघात-भरपाईच्या निकालात याच न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाला पैशात मोल धरणं योग्य आहे, असं पुन्हा सांगितलं.

तुमच्या घरचं माप मात्र तुम्हालाच घ्यावं लागेल. एक शंभर पानी वही घ्या आणि सात दिवस लिहा. डाव्या पानावर हातांनी केलेली कामं लिहा: डबा, कपडे, आंघोळी, शी-शू, भांडी. उजव्या पानावर डोक्यातली कामं: बूट लहान झालेत, गॅस नोंदवायचाय, नऊ महिन्यांची लस जवळ आली, आजींच्या गोळ्या संपत आल्या. माझं उजवं पान डाव्याइतकंच भरलं, तेव्हा मी का दमते ते मला कळलं. हात थांबले तरी डोकं थांबत नव्हतं. ही वही जपून ठेवा, वाटणीच्या वेळी ती उपयोगी पडेल.

दिवसाला चार खुंट्या

मिनिटामिनिटाचं वेळापत्रक लहान मुलांच्या घरात टिकत नाही. दात येतात, ताप येतो, वीज जाते, आणि दहा वाजताच दिवस हातातून निसटला असं वाटू लागतं. त्यापेक्षा दिवसाला चार पक्क्या खुंट्या ठोका आणि बाकीचं त्यांच्यामध्ये सैल बांधा.

पहिली खुंटी न्याहारीची. मुलं उठल्यापासून तासाभरात सगळ्यांचं पोटभर खाणं व्हावं. दुसरी उन्हाच्या आधी बाहेर पडण्याची, मग ते जिन्यापर्यंत का होईना. तिसरी दुपारच्या जेवणानंतरच्या निजेची. चौथी दिवेलागणीची.

चौथीवर जास्त लक्ष द्या, कारण बहुतेक घरांत गाडी तिथेच घसरते. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात मुलं दमलेली असतात, भुकेली असतात आणि आईकडे पुरवायला काही उरलेलं नसतं. आपल्याकडे तिन्हीसांजेला मुलांना घरात घ्यायचं, हातपाय धुवायचे, दिवा लावायचा आणि शुभंकरोती म्हणायचं अशी रीत होती. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी तिच्यात मोठं शहाणपण आहे. दिवसाचा धावता भाग संपला, आता हळू व्हायचं, हे मुलाच्या अंगाला रोज त्याच क्रमाने कळतं. आमच्याकडे सहाला काहीतरी पोटभरीचं खाणं, साडेसहाला आंघोळ, मग मंद दिवा, साडेसातला जेवण आणि साडेआठला अंथरूण असा क्रम लागायला तीन आठवडे गेले. त्यानंतर संध्याकाळची रडारड निम्म्यावर आली.

झोपेचा अंदाज हाताशी असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास, तर तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. रोज संध्याकाळी चिडणारं मूल बऱ्याचदा हट्टी नसून झोपेला कमी पडलेलं असतं.

चूल एकदा, ताटं तीन

मुलांचं वेगळं, मोठ्यांचं वेगळं, सासऱ्यांचं पथ्याचं वेगळं असं करत बसलात तर स्वयंपाकघरातून बाहेर येणंच होत नाही. वरण शिजलं की मीठ-तिखटाआधी तान्ह्याचं काढा, मऊ भात आणि तूप घालून कालवा. मग मीठ, हिंग, हळद घालून आजोबांचं काढा. शेवटी फोडणी देऊन आमटी करा. भाजीचंही तसंच. भांडं एकच, टप्पे तीन.

रविवारी दोन तास पुढच्या आठवड्याला द्या, आणि त्यात घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाचे हात असू द्या. शेंगदाण्याचं कूट, आलं-लसणाचं वाटण, निवडून ठेवलेली मेथी, धिरड्याचं पीठ एवढं तयार असलं, तरी बुधवारपर्यंत सोपं जातं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व या तीन डब्यांनी माझी कितीतरी आजारपणं निभावून नेली आहेत.

भरवण्यावरून होणारी भांडणं एका नियमाने कमी होतात: काय आणि केव्हा वाढायचं ते आईने ठरवावं, किती खायचं ते मुलाने. आज दोन घास खाल्लेलं मूल उद्या दोन पोळ्या खातं. हिशेब दिवसाचा मांडण्यापेक्षा आठवड्याचा मांडा.

काही गोष्टींत मात्र सूट नको. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. वर्षाच्या आत मध चाटवू नका, गुटीतूनही नको. मधातल्या जिवाणूंमुळे तान्ह्याला गंभीर विषबाधा होऊ शकते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या जेवणात मीठ-साखर घालू नका. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांपर्यंत देऊ नका. कूट करा, द्राक्षं उभी चिरा. घास घशात अडकायला क्षण पुरतो.

दुपार आणि खेळणी

मुलाला सतत कुणीतरी खेळवलं पाहिजे, हा समज आईला सगळ्यात जास्त दमवतो. या बाबतीत महाराष्ट्राकडे स्वतःचं मोठं धन आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी दगड, शिंपले, पानं, बिया यांतूनच मोजणं, जुळवणं, रंग ओळखणं शिकवलं. अंगणात भरणारी ‘अंगणवाडी’ ही कल्पना याच कामातून आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात खेळण्यांचं दुकान आधीपासून आहे. दोन वर्षांच्या मुलाला झाकणं आणि डबे जुळवायला द्या. तीन वर्षांच्या मुलाला मटार सोलायला बसवा, पण जवळ बसून, कारण मटारचा दाणा नाकात जातो. चार वर्षांच्या मुलाला कणकेचा गोळा आणि छोटं लाटणं द्या. त्याची पोळी नकाशासारखी होईल. ती भाजा आणि त्याच्याच ताटात वाढा. धुतलेले मोजे जोड्या लावून ठेवणं हा गणिताचा पहिला धडा आहे. तुमचं काम थोडं लांबतं, पण मूल कामाच्या मध्ये येत नाही, ते कामात असतं.

घरातली खेळणी तीन टोपल्यांत वाटा. एक खाली, दोन माळ्यावर. दर पंधरा दिवसांनी टोपली बदला. जुनी टोपली खाली आली, की नव्या खरेदीचा आनंद फुकटात मिळतो.

दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं मुलाला पूर्ण द्या. फोन दुसऱ्या खोलीत, गॅस बंद, तो म्हणेल तो खेळ. मग सरळ सांगा, “आता मी भाजी चिरते, तू खेळ.” पोट भरल्यासारखं मूल लक्षानेही भरतं, आणि मग आपणहून दूर जातं. ते कंटाळलं, तरी लगेच धावू नका. कंटाळ्याच्या पलीकडेच बहुतेक खेळ सुरू होतात.

गोष्टी वाचून दाखवायला मूल बोलायला लागेपर्यंत थांबू नका. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही छोटी पुस्तकं आमच्याकडे इतकी हाताळली गेली, की कोपरे गोल झाले. आई, बाबा, आजी, आजोबा असं रोजचंच घर त्यात असल्यामुळे मूल चित्रावर बोट ठेवून स्वतःच्या घराबद्दल बोलू लागतं. पालकांसाठी ‘पालकनीती’ हे मासिक पुण्यातूनच १९८७ पासून निघतं आहे. एकेकटं वाटणाऱ्या आईला आपल्यासारखेच प्रश्न पडलेली माणसं तिथे भेटतात.

पडद्याबद्दल थोडक्यात. वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा अजिबात नको, दोन वर्षांपर्यंतही नकोच, आणि दोन ते चार वर्षांत जास्तीत जास्त एक तास, कमी झाला तर उत्तम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात आपण अंघोळीला जाताना वीस मिनिटं कार्टून लावतो. त्याचा अपराध मानू नका, पण दोन गोष्टी पाळा: जेवताना नाही आणि झोपायच्या आधी नाही. या दोन वेळा पाळायच्या, तर त्या घरात सगळ्यांनाच पाळाव्या लागतात, बाबांनाही.

बाहेर पडा, रोज

याच शिफारशींत एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान तीन तासांची हालचाल सांगितली आहे. ती फ्लॅटमध्ये होत नाही. सुदैवाने पुण्यात ती सोय आहे. स्वारगेटजवळ सारसबाग आणि पेशवे उद्यान हाकेच्या अंतरावर आहेत. पेशवे उद्यानातली ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी १९५६ पासूनची. मुलाला त्या बागेत नेताना आजी-आजोबांना बरोबर घ्या, त्यांच्या स्वतःच्या लहानपणाच्या गोष्टी आपोआप निघतील. तिथलंच गरवारे बालभवन अनेक वर्षं पुण्यातल्या मुलांना खेळ, गाणी आणि हस्तकला देत आलं आहे. शोभा भागवत यांनी तिथे मुलांसोबत आणि पालकांसोबत केलेलं काम आवर्जून जाणून घ्यावं असं. जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानाजवळ आता मेट्रोचं स्थानक आहे, त्यामुळे वनाझकडून मेट्रोने येणं ही मुलांसाठी स्वतःच एक सहल होते. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाला बुधवारी सुट्टी असते. दोन मुलं आणि पाण्याच्या चार बाटल्या घेऊन बंद फाटकासमोर उभं राहायची वेळ माझ्यावर आली आहे, तुमच्यावर येऊ नये.

दिवाळीच्या सुट्टीत किल्ला करा. माती, पोतं, दगड आणि हळिवाचं हिरवळीसारखं शेत एवढ्यावर सोसायटीतली दहा मुलं चार दिवस रमतात. त्यांच्या आयाही तिथेच एकमेकींना भेटतात, आणि हा भाग मुलांच्या खेळाइतकाच महत्त्वाचा. दोन-तीन आयांनी मिळून आठवड्यातून एक सकाळ आळीपाळीने मुलं सांभाळायचं ठरवलं, तर प्रत्येकीला महिन्यातून दोन-तीन मोकळ्या सकाळी मिळतात.

गुरुवारची बादली

पुण्यात दुरुस्तीसाठी अनेकदा गुरुवारी पाणी बंद ठेवलं जातं, म्हणून बुधवारी रात्री आपण बादल्या, पिंप, टब भरून ठेवतो. रांगणाऱ्या, नुकत्या चालणाऱ्या मुलासाठी हाच आठवड्यातला धोक्याचा दिवस. लहान मुलाचं डोकं जड असतं. वाकून आत पडलं, तर त्याला बाहेर येता येत नाही, आणि वीतभर पाणीही पुरेसं असतं. भरलेल्या भांड्याला घट्ट झाकण हवं, न्हाणीघराला बाहेरून वर कडी हवी.

बाकीची फेरी महिन्यातून एकदा घ्या, आणि ती मुलाच्या उंचीवर, गुडघे टेकून. गॅसवरच्या भांड्यांच्या मुठी आत वळलेल्या आहेत का, गॅलरीत खुर्ची किंवा कुंडी चढायला सोयीची ठरेल अशी आहे का, फिनेल शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलंय का, रिमोट आणि खेळण्यांतल्या चपट्या बटन-बॅटऱ्यांची झाकणं पक्की आहेत का. अशी बॅटरी गिळली, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. भाजलं, तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. हळद, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नका.

जुलाब लागले, तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवा आणि चोवीस तासांत संपवा. कमी पाण्यात कालवू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश किंवा जास्त ताप आला, तर घरी वाट पाहू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कुठल्याही संकटासाठी ११२ हे आकडे फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहा, आजींना चष्म्याशिवाय दिसतील एवढे.

लसींच्या वेळा लक्षात ठेवायला सोप्या आहेत: जन्मताच, मग सहा, दहा आणि चौदा आठवडे, नऊ महिने, सोळा ते चोवीस महिने आणि पाच वर्षं. राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लसी महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळतात. कार्ड एका प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

‘मदत’ नको, वाटा हवा

आता ती वही काढा. रविवारी सकाळी, मुलं खेळत असताना, चहा घेऊन नवऱ्यासमोर बसा. रागाच्या भरात रात्री अकराला हे बोलणं काढू नका, मी काढून पाहिलं आहे. ती दोन पानं त्यांना वाचू द्या, आपण मध्ये बोलू नये.

मग कामं नाही, खाती वाटा. “जरा कपडे वाळत घाल” म्हटलं, की काम त्याचं होतं पण लक्ष आपलंच राहतं. त्याऐवजी लसी आणि दवाखाना हे सगळं खातं बाबांचं करा: तारीख त्यांनी लक्षात ठेवायची, रजा त्यांनी घ्यायची, रात्री ताप उतरेपर्यंत त्यांनी जागायचं. आमच्याकडे संध्याकाळची आंघोळ, शाळेशी बोलणं आणि रविवारचा नाश्ता ही तीन खाती बाबांकडे गेली. पहिले दोन महिने मोजे उलटे असत, वेण्या वाकड्या असत. मी तोंड बंद ठेवलं, आणि या सगळ्या वाटणीत मला ते सगळ्यात कठीण गेलं. पण खातं दिलं की पद्धतही द्यावी लागते.

सासूबाई-सासरे घरी असतील, तर त्यांच्यावर मुलं ‘टाकू’ नका, त्यांनाही ठरावीक वेळ द्या. “आई, दुपारी चार ते पाच तुम्ही त्याला गोष्ट सांगाल का? मी तेवढ्यात खाली चालून येते.” असं नेमकं विचारलं की त्यांनाही हो किंवा नाही म्हणता येतं. मतभेद झाले, उदाहरणार्थ मध चाटवण्यावरून, तर डॉक्टरांकडे आईंनाही बरोबर घेऊन जा. त्यांनी स्वतः ऐकलेलं आणि सुनेने येऊन सांगितलेलं यांत फार फरक पडतो.

घरी येणाऱ्या मावशींच्या कामाचंही तेच. त्यांची सुट्टी आणि पगार ठरलेला असू द्या. त्यांच्याही घरी मुलं असतात.

पैशाची गोष्ट

नोकरी सुटली की पैसे मागावे लागतात, आणि मागण्यातून तो ‘च’ घरात शिरतो. म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम तुमच्या स्वतःच्या खात्यात आपोआप जमा व्हावी, अशी व्यवस्था करा. घरखर्चाची वेगळी आणि तुमची वेगळी. तुमच्या रकमेचा हिशेब देण्याची गरज नसावी, मग ती कितीही छोटी असो.

तुमच्या नावावर सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं असेल, तर ते चालू ठेवा. वर्षाला ५०० रुपये भरूनही ते जिवंत राहतं. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल, तर सुकन्या समृद्धी खातं पोस्टात किंवा बँकेत वर्षाला किमान २५० रुपयांवर उघडता येतं. एक कायदा माहीत असू द्या: पतीने पत्नीला भेट दिलेले पैसे गुंतवून मिळणारं करपात्र उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात धरलं जातं. घराचं कर्ज, विमा, खाती, वारसनोंद यांची एक यादी दोघांनी बसून करा. संसार तुम्ही सांभाळता, तर त्याच्या किल्ल्या कुठे आहेत हे तुम्हाला ठाऊक हवंच.

मन बिघडलं तर

बाळंतपणानंतर दोन आठवडे उगाच रडू येणं, घाबरं होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि ओसरतं. ते त्यापुढेही टिकलं, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप येईना, बाळाजवळ जावंसं वाटेना, किंवा आपण नसलेलो बरं असं मनात येऊ लागलं, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. तुमच्या डॉक्टरांना सरळ सांगा. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही.

आजारापर्यंत न गेलेला थकवाही खरा असतो. आपण मुलावर ओरडलो, हात उचलला गेला, असं ज्या दिवशी झालं, त्या रात्री स्वतःला दोष देत जागू नका. सकाळी मुलाच्या डोळ्यांत बघून म्हणा, “काल मी ओरडले, ते चुकलं. मी दमले होते.” मोठी माणसंही चूक कबूल करतात, हे मुलाला कळणं ही शिकवण कुठल्याही शाळेत मिळत नाही. आणि मग वही उघडून बघा, ती वेळ रोज तीच असते का. तीच असेल, तर तिथे माणूस कमी पडतोय, आई नव्हे.

तुमचा एक तास

पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं. संसारात असलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका तिथे लिहा-वाचायला, शिवणकाम आणि रुग्णसेवा शिकायला येऊ लागल्या. रमाबाई स्वतः लग्नानंतर, घरातल्या बायकांचा रोष सोसत शिकल्या होत्या. त्यामुळे घर सांभाळणाऱ्या बाईला रोजचा थोडा वेळ स्वतःच्या वाढीसाठी लागतो, हे त्यांना पुस्तकातून कळायचं नव्हतं. शंभर वर्षांहून जुनी ही पुण्याचीच शिकवण आहे.

तो तास आज कुठून आणायचा? दुपारच्या निजेचा पहिला अर्धा तास कुठल्याही कामाला हात लावू नका. त्या वेळात भांडी घासलेली कुणाच्या लक्षात राहत नाहीत. उरलेला अर्धा तास वाटणीतून येईल. त्यात झोपा, वाचा, गा, टेकडीवर जा. पुढे नोकरीवर परतायचं असेल, तर रोज वीस मिनिटं तुमच्या विषयातलं काहीतरी वाचत राहा, जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघांशी बोलणं तुटू देऊ नका, आणि या वर्षांत केलेल्या गोष्टी वहीत लिहून ठेवा. नव्या नोकरीत कंपनीबद्दल विचारताना पाळणाघराचंही विचारा. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने ते पुरवावं, असं २०१७ च्या दुरुस्तीपासून कायदा सांगतो. आणि परतायचं नसेल, तर त्याचीही कुणाला कारणं देत बसू नका.

गेल्या वर्षी धाकट्याच्या बालवाडीचा अर्ज आला. शाळेचं खातं बाबांचं, म्हणून तो त्यांनीच भरायला घेतला. मी ओट्याशी होते. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्याशी ते थांबले आणि त्यांनी विचारलं, “इथे काय लिहू?” मी म्हटलं, “गृहिणी लिहा.” एवढंच. त्यांनी तसंच लिहिलं आणि खालच्या ‘संपर्क कुणाशी करावा’ या रकान्यात स्वतःचा नंबर घातला.